म्हातारीची मंजुरी

आमच्या ऑफिसचे मालक कोण, हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पण ऑफिसात चालायचं म्हातारीचं. म्हातारी म्हणजे एक जुना टॅबलेट. काचेला कोपऱ्यातून वर गेलेली चीर, मागचं झाकण चिकटपट्टीनं बसवलेलं, आणि चालू व्हायला एवढा वेळ की तेवढ्यात चहा येऊन, पिऊन, कप परत गेलेले असत. मग भाऊ जाहीर करत, "उठली म्हातारी." त्यानंतर आमचा दिवस सुरू होई. आम्ही कितीही झकास वेबसाईट केलेली असो, ती म्हातारीवर नीट दिसली नाही तर भाऊ सही करत नसत, आणि भाऊंची सही नसली तर साईट बाहेर पडत नसे.

चंद्रपुरात, जटपुरा गेटच्या आत, एका गल्लीत हे आमचं वेबसाईट बनवायचं दुकान होतं. त्याच जागेत पूर्वी मालकांच्या वडिलांचा छापखाना होता. वडील गेले, छपाईचे दिवस गेले, मशिनी भंगारात गेल्या, आणि मालकांनी तिथे चार कॉम्प्युटर मांडले. छापखान्यातली एकच गोष्ट जागची हलली नाही, ती म्हणजे भाऊ. तीस वर्षं त्यांनी तिथे प्रूफं तपासली होती. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मतदारयाद्या, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. आता या माणसाला काय काम द्यावं, असा प्रश्न मालकांना पडला होता. भाऊंना पडला नव्हता. ते रोजच्यासारखे माजरीहून सकाळच्या गाडीनं आले, आपल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "प्रूफ आना."

मी वरोऱ्याची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा नुकताच झालेला, वय चोवीस आणि डोक्यात भरपूर हवा. भाऊंचं वय माझ्या वडिलांपेक्षा जास्त, तरी ते मला 'बाई' म्हणत आणि अहो-जाहो करत. पहिल्याच आठवड्यात माझी पहिली वेबसाईट त्यांनी अकरा वेळा परत पाठवली. अकराव्या वेळी मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला कॉम्प्युटर येतो का?" ते शांतपणे म्हणाले, "नाई ना बाई. म्हनून तर मले चुका दिसते."

चंद्रपूरच्या मे महिन्यातसुद्धा भाऊ पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालत, गळ्याचं बटण लावून. पांढरा शर्ट आणि माजरीच्या खाणींचा कोळसा एकत्र नांदत नाहीत, पण भाऊंना कोण सांगणार? दुपारपर्यंत कॉलरला करडी रेघ यायची, आणि ते ती मानेवरच्या रुमालानं झाकत. तरुणपणी छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून त्यांच्या अंगठ्याला आणि बोटांना घट्टे पडले होते, त्यामुळे म्हातारीची काच त्या बोटांना दाद देत नसे. म्हणून ते टॅबलेट करंगळीनं चालवत. एवढा उंचापुरा, मिशीवाला माणूस करंगळी पुढे करून हळूच पान सरकवतो आहे, हे बघून नवीन आलेलं प्रत्येक माणूस एकदा तरी हसायचं. मीही हसले होते.

उन्हाळ्यात म्हातारी तापून आपोआप बंद पडे. मग भाऊ तिला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत आणि "म्हातारीले ऊन लागलं" म्हणून तपासणी तहकूब करत. तेवढ्यात गिऱ्हाईकाचा फोन आला की मालक सांगत, "साईट तपासणीत आहे." कोण आजारी आहे ते बिचारे सांगत नसत.

आता म्हातारीवर पानं बिघडायची का, तर कारण साधं होतं. तिच्यातला ब्राउझर जुना, तो कधी नवा होणारच नव्हता, आणि आम्ही वापरत होतो त्या नव्या युक्त्या त्याला समजत नव्हत्या. माझ्या कॉम्प्युटरवर ऐटीत उभं असलेलं पान तिच्यावर गेलं की त्याचे हातपाय गळत. गडचांदूरकडच्या एका शाळेची साईट मी केली होती. नव्या फोनवर मुख्याध्यापकांचा फोटो कोपऱ्यात नीट बसलेला. म्हातारीवर तो फोटो फुगून अख्खं पान व्यापून बसला, आणि 'प्रवेश अर्ज' हे बटण सरांच्या हनुवटीखाली गेलं. भाऊ म्हणाले, "सर उठले तर पोराईले अ‍ॅडमिशन भेटन." एका जंगलातल्या रिसॉर्टच्या साईटवर तर वाघाची फक्त शेपूट दिसत होती. मालक म्हणाले, "चालेल, उत्सुकता वाढते." भाऊंनी सही केली नाही.

सही म्हणजे खरोखरची सही. छापखान्याचं लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यात ते साईटचं नाव लिहीत आणि पुढे जुन्या सवयीनं लिहीत, 'छापण्यास हरकत नाही.' मी म्हटलं, "भाऊ, आपण इथे कुठे काय छापतो?"

"लोकाईच्या डोळ्यात छापून राह्यलो ना बाई," ते म्हणाले. "कागदावरचं खोडता तरी येते."

त्यांची तपासायची पद्धत बघण्यासारखी होती. एक लाकडी फूटपट्टी ते स्क्रीनवर आडवी धरत, तपासायची ओळ पट्टीच्या कडेला टेकेल अशी, आणि पान खालून वर तपासत जात. सगळ्यात खालची ओळ आधी. मी विचारलं, असं उलटं का? "वाचाचं नाई बाई, पाह्याचं. वाचलं का डोकं पुढं पयते, आन चूक सोताच दुरुस्त करून टाकते. मंग डोळ्याले ते दिसतच नाई." मी आज स्वतः दुसऱ्यांचं काम तपासते तेव्हा असंच करते. फूटपट्टी मात्र धरत नाही, लाज वाटते.

एकदा मी फारच वैतागले होते. एका छोट्याशा पानासाठी त्यांनी तिसरा दिवस लावला होता. मी जोरात म्हणाले, "भाऊ, हा असला डबडा टॅबलेट आता कोण वापरतं? नवीन फोन सगळ्यांकडे आहेत."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "माही भाची गडचिरोलीकडे आंगनवाडीत आहे. तिच्यापाशी हेच आहे. नवा फोन ज्याच्यापाशी आहे, तो कुठूनबी पाहून घेईन बाई. त्याची चिंता तुमी करूच नका. ज्याच्यापाशी हेच आहे, त्यानं कुठी पाह्याचं?" मी रागानं खुर्ची फिरवून बसले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण ते तपासणीत होते.

चूक झाली की भाऊ काय करतात, याची एक गोष्ट मालक हसत हसत सांगत. छापखान्याच्या काळात एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' छापलं गेलं. आजोबा चांगले धडधाकट, बाजेवर बसून पान खात होते. पत्रिका वाटून झाल्यावर हे लक्षात आलं. त्या घरचा माणूस दुकानात येऊन काय तमाशा करेल या भीतीनं मालकांच्या वडिलांनी दुकानाला कुलूप लावलं. भाऊ मात्र सायकलवर बसले आणि थेट आजोबांच्या गावी गेले. आजोबांनी त्यांना दुपारभर शिव्या दिल्या. भाऊ समोर बसून ऐकत राहिले. संध्याकाळी शिव्या संपल्या तेव्हा आजोबांनीच ताट वाढायला सांगितलं. परत आल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, "ज्याले मारलं त्याच्याच घरी जेवून आलो." या गोष्टीवर आम्ही पोट धरून हसायचो. भाऊ हसत नसत.

मग आमच्याकडे सिकलसेलची साईट आली.

गडचिरोलीच्या आतल्या जंगलगावांत एक संस्था लोकांचं रक्त तपासत होती. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हातपाय ठणकतात, मूल वरचेवर आजारी पडतं. गावागावांतून रक्ताचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत जात. तिथले निकाल आमच्या साईटवर टाकायचे आणि संस्थेच्या गावातल्या सेविकेनं आपल्या टॅबलेटवर यादी उघडून घरोघरी जाऊन सांगायचं, असं ठरलं होतं. निकाल तीनच होते: 'नाही', 'वाहक' (म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण मुलांकडे जाऊ शकतो) आणि 'आजार आहे'. सेविकांकडचे टॅबलेट कोणीतरी कधीतरी दान दिलेले होते, आमच्या म्हातारीच्याच वयाचे.

पान मी केलं. डावीकडे नावं, उजवीकडे निकाल. उभ्याआडव्या रेघांचा तक्ता मला जुनाट वाटायचा, म्हणून मी रेघाच काढून टाकल्या. नावांची एक यादी आणि निकालांची दुसरी, अशा दोन याद्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. दिसायला फार सुरेख. तपासणीसाठी नमुन्याची दहा नावं टाकली, राम पाटील, सीता पाटील, असली. भाऊंनी ते पान म्हातारीवर उघडलं, पट्टी लावली, खालून वर गेले, मग वरून खाली आले. प्रत्येक नावासमोर त्याचाच निकाल होता. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही.' पहिल्याच फेरीत मंजूर झालेली ती माझी पहिली साईट. त्या दिवशी मी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

काही महिन्यांनी एका गावाच्या सेविकाबाईंचा फोन आला.

"मॅडम, शेवटच्या बाईचा रिपोर्ट अजून येऊन नाई राह्यला. यादी येऊन सव्वा महिना झाला. समोर कोरंच आहे."

मी कॉम्प्युटरवर बघितलं. शेवटच्या नावासमोर स्वच्छ 'वाहक' लिहिलेलं होतं. "दिसतंय की इथे. तुम्ही पान पुन्हा उघडा."

"उघडलं ना जी. दहा खेपा उघडलं."

"मग नेट हळू असेल," मी म्हणाले आणि फोन ठेवणार, तेवढ्यात भाऊ उठून आले. "द्या इकडे." त्यांनी फोन कानाला लावला आणि फूटपट्टी माझ्या स्क्रीनवर धरली. "बाई, पयल्या नावापासून सांगा. नाव सांगा, आन त्याच्या समोर काय आहे ते सांगा. मी इथी पाह्यतो."

पहिली तीन नावं जुळली. चौथं नाव आलं. "सोमजी दोगे मडावी, वरचा टोला, चिंचेखालचा. नाही." जुळलं.

"पाचवी, ललिता. आजार आहे."

भाऊंची पट्टी थांबली. माझ्या स्क्रीनवर ललितासमोर 'नाही' होतं. 'आजार आहे' तिच्या खाली होतं, रोशनी नावाच्या आठ वर्षांच्या मुलीसमोर.

"पुन्हा सांगा बाई."

"ललिता, आजार आहे."

"आन रोशनी?"

"रोशनीले काई नाई. ते साफ आहे."

काय झालं ते मला त्याच क्षणी समजलं. त्या गावात सोमजी मडावी चार होते. त्या गावांत हे नेहमीचंच. एकच नाव, एकच आडनाव, म्हणून माणूस ओळखायचा तो टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, आणि घराच्या खुणेवरून. सेविकाबाईंनी रक्ताच्या बाटलीवर चोख लिहून पाठवलं होतं: वरचा टोला, चिंचेखालचा. प्रयोगशाळेनंही ते जसंच्या तसं उतरवलं. माझ्या कॉम्प्युटरवर एवढं नाव एका ओळीत मावत होतं. जुन्या टॅबलेटवर अक्षरं मोठी दिसतात, तिथे ते मोडून दोन ओळींचं झालं. डावीकडची नावांची यादी एक ओळ खाली सरकली, उजवीकडची निकालांची यादी होती तिथेच राहिली. ललिताचं 'नाही' सोमजीच्याच दुसऱ्या ओळीसमोर गेलं, सोमजीच्या खालच्या प्रत्येक माणसासमोर त्याच्या पुढच्या माणसाचा निकाल आला, आणि शेवटच्या बाईसमोर काहीच उरलं नाही. मी काढून टाकलेली एक आडवी रेघ तिथे असती, तर हे झालं नसतं.

"बाई, हे निकाल लोकाईले सांगून झाले का?" भाऊंनी विचारलं. फोनवरचं उत्तर मलाही ऐकू आलं. "सांगून आली ना जी मी. एकेका घरी जाऊन."

भाऊंनी म्हातारी उघडली. तिच्यावर ती यादी अगदी तशीच सरकलेली होती. मी म्हणाले, "भाऊ, चूक माझी आहे."

"तुमी केली, मी पास केली," ते म्हणाले. "म्हातारीनं तर दाखवलं असतं. मीच तिले खरी नावं दाखवली नाई. जंगलात राम पाटील कुठी राह्यते?" मग त्यांनी लाल शाईनं रजिस्टरमधली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'हरकत होती.'

दुपारपर्यंत मी रेघांचा ठसठशीत तक्ता केला. संस्थेच्या डॉक्टरांना फोन गेला. बाकीच्या गावांच्या याद्या अजून वाटायच्या होत्या, तेवढं नशीब, त्या थांबवल्या. मालकांनी घाम पुसला. "सुटलो. आता त्यांचे लोक त्या गावात जाऊन सांगतील. आपण कशाला मध्ये पडायचं?"

भाऊ म्हणाले, "त्यांचे लोक म्हणजे कोन? तेच सेविकाबाई ना? आपलं खोटं आपन तिच्या तोंडून बोललो. आता माफी मांगालेबी तिचंच तोंड वापराचं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसस्टँडवर गेले. भाऊ आधीच येऊन उभे होते, पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. त्यांनी सगळी यादी स्वतःच्या हातानं लिहून घेतली होती, प्रत्येक नावाखाली पट्टीनं रेघ मारून. मला बघून त्यांनी थोडं सरकून सावलीत जागा दिली.

गडचिरोलीपर्यंत एक बस, पुढे दुसरी, आणि मग संस्थेची जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, खाली टोपल्या घेऊन बायका फुलं वेचत होत्या. भाऊ सबंध वाटेत एकदाच बोलले. "बाई, 'आजार आहे' हे कसं सांगाचं?"

"डॉक्टरांनी काल फोनवर सांगितलं ना. घाबरवायचं नाही, औषध आहे म्हणायचं."

"ते डॉक्टरले येते. मले नाई येत." आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. या माणसाला भीती वाटते आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

सेविकाबाई गावाच्या तोंडाशीच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. "आता लोक माह्या शब्दाले मानन का जी? मी म्हनेन एक, निघन दुसरं."

"तो शब्द तुमचा नोता," भाऊ म्हणाले. "तेच सांगाले आलो."

वाटेत पहिलं घर ललिताचं होतं. एकोणीस वर्षांची मुलगी, अंगणात वाळत घातलेली मोहफुलं पालथी करत होती. सेविकाबाई म्हणाल्या, "हिले सांगून टाकू का? चांगली खबर आहे." भाऊंनी मान हलवली. "चांगली खबर थांबते. पयले ते घर."

रोशनीचा बाप बांबूच्या कांबट्या तासत बसला होता. आम्हाला बघून त्यानं जोहार केला आणि बाज पुढे ओढली. भाऊ बाजेवर बसले नाहीत. त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसले, पांढऱ्या शर्टासकट. मीही बसले. सेविकाबाई गोंडीत सांगायला तयार होत्या, पण त्याला मराठी समजत होतं.

"दादा," भाऊ म्हणाले, "या बाईनं तुमाले सांगितलं का रोशनीचा रिपोर्ट साफ आहे. तसं त्यायले आमीच दाखवलं. ते चूक होतं. पोरीले आजार आहे. चूक या बाईची नाई. लिवनारे आमी, तपासनारा मी. माही चूक आहे."

त्याच्या हातातला विळा थांबला. "कोनता आजार?"

सेविकाबाईंनी सांगितलं. रक्ताचा आहे, हातपाय दुखतात, अधूनमधून ताप येतो. रोज गोळी द्यायची, भरपूर पाणी पाजायचं, थंडीत जपायचं. जास्त दुखलं की ताबडतोब दवाखान्यात आणायचं. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. नजर कांबट्यांवर होती.

"दुखते म्हने ते," तो हळू म्हणाला. "पाय दुखते म्हने. आश्रमशाळेत नाई जात म्हने. मी म्हनलं रिपोर्ट साफ आहे, नाटक करते." त्यानं विळा खाली ठेवला. "परवा मारलं मी तिले."

मला वाटलं उठून पळून जावं. मी एक रेघ काढून टाकली होती पानावरून, सुंदर दिसावं म्हणून.

भाऊंनी हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "तुमी नाई मारलं दादा. आमी मारलं."

तो उठला, घरात गेला, आणि मुलीला कडेवर घेऊन बाहेर आला. आठ वर्षांची लांब पायांची पोर, कडेवर घ्यायचं वय कधीच संपलेलं. तो तिला मांडीवर घेऊन बसला आणि तिचा पाय हातानं चोळत गोंडीत काहीतरी म्हणाला. सेविकाबाईंनी त्याचं मराठी करून सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण भाऊही लपवत नव्हते.

निघताना त्यानं भाऊंना विचारलं, "आता खरं आहे ना हे?"

"खरं आहे. मोठ्या डॉक्टरनं काल पुन्हा पाह्यलं."

ललिताला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग फार भडकली. "सव्वा महिना मी मरून राह्यली होती! लगनाले नाई म्हनून सांगितलं मी मामाकडच्या लोकाईले!" भाऊ मान खाली घालून उभे राहिले. ती आत गेली, पिवळ्या गोळ्यांचं अर्धं पाकीट आणून त्यांच्या हातावर आपटलं आणि म्हणाली, "मी आजच जाते मामाच्या गावाले. मीच सांगते." त्या गोळ्या खरं तर रोशनीच्या होत्या. उरलेल्या घरी गेलो तेव्हा गावभर बातमी पसरली होती, आणि लोक स्वतःच दारात येऊन उभे राहत होते. भाऊ प्रत्येकाला त्याचं नाव, टोला आणि घराची खूण विचारत, यादीवर बोट ठेवत आणि मगच सांगत. संध्याकाळपर्यंत एकही घर त्यांनी सोडलं नाही. शेवटच्या बाईला तिचा निकाल पहिल्यांदाच मिळाला. सेविकाबाईंनी आम्हाला जेवू घातलं, भाऊ दोन घास खाऊन उठले.

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला. कुठलीही साईट करायची तर आधी खरी नावं मागवायची, जशी लोक लिहितात तशी, टोल्यासकट, चिंचेसकट. मालकांनीच तो नियम केला. भाऊंनी आणखी काही वर्षं काम केलं, मग डोळ्यांनी दगा दिला आणि ते माजरीला घरी बसले. आता मी ते ऑफिस सांभाळते. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे चक्कर मारते. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखतात. मी वेबसाईटच्या गोष्टी सांगायला लागते आणि ते मध्येच थांबवतात, त्यांना आधी दुसरंच विचारायचं असतं. सेविकाबाईंचा मला अधूनमधून फोन येतो, हे त्यांना ठाऊक आहे.

"रोशनी कशी आहे?"

"बरी आहे. यंदा सातवीत गेली."

"दुखते म्हनते का अजून?"

"म्हणते कधीकधी. थंडीत जास्त."

"मंग, ऐकते का कोनी?"

"ऐकतात, भाऊ. बाप लगेच गाडीवर घालून दवाखान्यात नेतो."

"पयल्या खेपेले सांगितलं तवाच?"

"पहिल्या खेपेला."

"मंग ठीक आहे," भाऊ म्हणतात, आणि सुनेला चहा टाकायला सांगतात.